मला विचारू नका

एकवीस वर्षं जी बाई माझ्या स्वयंपाकघरात वावरते, माझ्या डब्यांची झाकणं लावते, माझ्या गुडघ्यांना तेल चोळते, तिने आज काचेच्या पलीकडून मला माझं नाव विचारलं. ही काय वागायची रीत झाली? तेही डोळे वर न करता, हातात पेन धरून, जशी काही मी रस्त्यावरून आत घुसलेली कुणी उपटसुंभ बाई. ‘पूर्ण नाव सांगा.’ मला वाटलं मस्करी करतेय. मी हसलेसुद्धा थोडी. काचेवर बोट आपटून म्हटलं, ‘अगं, डोळे फुटले का तुझे? मी आहे.’ तर म्हणते, ‘हो. पूर्ण नाव सांगा.’ माझ्यामागे आठ-दहा माणसं उभी. एकाने खाकरून दाखवलं. मग मी नाव सांगितलं, पोलिसाला सांगावं तसं, एकेक शब्द तोडून. जन्मतारीख विचारली, तर पहिलीत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख सांगितली. दुसरी माझ्याकडे नाही. ‘कोणाला भेटायचंय?’ मी म्हटलं, ‘तक्रारीच्या साहेबीणबाईंना.’ तेव्हा मात्र तिचं पेन थांबलं. फार नाही, भाजीत मीठ टाकताना हात थांबतो तेवढंच. आता विचारणार, कशासाठी. त्याचं उत्तर मी घरून घोकून आले होते, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकदा म्हणून पाहिलं होतं. पण तिने विचारलंच नाही. ‘कारण इथं सांगायची गरज नाही,’ म्हणाली, आणि काचेखालच्या फटीतून एक चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीवर नाव नव्हतं. एकेचाळीस आकडा होता फक्त. घोकलेलं उत्तर तोंडात तसंच राहिलं, चावताही येईना आणि गिळताही येईना.

आता मी बाकावर बसले आहे. लोखंडी बाक, भिंतीला जखडलेला, बसलं की मांड्यांखाली गार लागतो. या दवाखान्यात कुणाला नावाने हाक मारत नाहीत. पेशंटचं गुपित राखायचा नवा कायदा आला तेव्हापासून आकडाच पुकारतात. आधी बरं होतं. नाव पुकारलं की आपण मान वळवून बघायचो, कोण उठलं, कुठल्या दारात गेलं, किती वेळाने बाहेर आलं, डोळे लाल होते की नव्हते. दवाखान्यात तासभर बसलं तर आठवडाभराचं बोलणं गोळा व्हायचं. आता एकवीस उठतो, बावीस उठते. आकड्याबद्दल काय बोलणार कपाळ? काचेमागची ती म्हणजे माझी सून. ती मात्र म्हणायची, बरं झालं. ती तेव्हा फाइलखोलीत होती. जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांचे घोडे, घोड्यांवर फाइली आणि मधे ही एकटी. बारा वर्षं. घरी आली की हाताला जुन्या कागदाचा वास यायचा, कुजक्या पानांसारखा. गेल्या महिन्यात तिला तिथून उठवून या खिडकीवर आणून बसवलं, कारण तिच्यावर तक्रार आहे. आज गुरुवार. सोमवारी ठरणार, ठेवायची की काढायची. काढली तर कुठलाच दवाखाना तिला दारात उभी करणार नाही. थोरला म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा, परवा जेवताना तेच सांगत होता. ‘चोरी केलेल्याला एखादवेळ काम मिळेल आई, पेशंटचं बाहेर बोललेल्याला नाही मिळत.’ ती समोर बसून मुकाट्याने घास चावत होती. मीही चावत होते. माझा घास काही केल्या बारीक होत नव्हता.

तक्रार अशी, की तिने खालच्या शिंपीणबाईचा आजार इमारतभर केला.

आणि तो केला मी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मनातल्या मनातसुद्धा इतकं सरळ कधी म्हटलं नव्हतं. तिथेही मी शब्द जरा आडवेतिडवे ठेवायची. बोलण्यात निघालं, तोंडातून गेलं, बायकाच तशा. आज या गार बाकावर ते सरळ झालं.

मी फार शिकलेली नाही. तिसरीतून काढलं मला. अक्षराला अक्षर जोडत जाते, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. सुनेने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्यात, हळद, जिरं, साखर, माझ्यासाठीच. तिने तसं कधी म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पण माणसं मी वाचते. त्याचा मला गर्व आहे. होता म्हणू का? कोण भांडून आलंय, कुणाची सोयरीक मोडलीय, कोण उपाशी आहे, हे मी दार उघडल्या उघडल्या सांगायची. म्हणून सुनेचा राग यायचा. घरात एवढी मोठी विहीर आणि पोहरा सोडायचा नाही. मी विचारायची, ‘ती दुसऱ्या मजल्यावरची मास्तरीण आली होती म्हणे तुमच्याकडे, काय झालंय तिला?’ ही पातेलं घासत असायची. हात न थांबवता म्हणायची, ‘आई, मला विचारू नका.’ वाण्याचं विचारलं, मला विचारू नका. माझ्या सख्ख्या बहिणीचं विचारलं, मला विचारू नका. एकदा चिडून मी म्हटलं, ‘अगं, बाहेर पाऊस पडतोय का ते तरी सांगशील, की तेही कायद्यात बसत नाही?’ तेव्हा हसली ती. हात पुसून माझ्यासमोर बसली आणि समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ‘आई, मास्तरीणबाईंना काही नाही असं मी आज म्हटलं, तर उद्या वाण्याच्या वेळी माझं गप्प बसणं म्हणजे हो होईल ना? म्हणून सगळ्यांना एकच उत्तर. आजारी असो, धडधाकट असो, दवाखान्याची पायरी न चढलेला असो. एकच.’ मी म्हटलं, मोठी आलीस. कायदा दवाखान्यात, स्वयंपाकघरात कशाला? पण तिचं बोलणं मी ऐकलं नव्हतंच. तिच्या हातांकडे बघत बसले होते. मला वाटायचं, तोंड गप्प राहिलं तरी हात बोलतात. ज्याच्या नावाला हात मंदावला त्याचं काहीतरी आहे. असं माझं शास्त्र.

तर शिंपीणबाई. ती आमच्या बरोबर खाली राहते. तिचं मशीन आमच्या स्वयंपाकघराखाली येतं. ते सुरू झालं की माझ्या तळपायांना बारीक मुंग्या यायच्या. सकाळी नवापासून संध्याकाळी दिवे लागेपर्यंत घर पायाखालून चालत असायचं. एकटी बाई, नवरा नाही, मूल नाही, मशीन एवढंच माणूस. मी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला इथं आले होते, त्या दिवशी ती मला दिसली, याच ओळीत, सात नंबरच्या दारासमोर. सात नंबर म्हणजे छातीचा विभाग. आमचे हे शेवटच्या वर्षी त्याच दारातून आतबाहेर करायचे, मला ते दार झोपेतसुद्धा सापडेल. मला बघून ती जरा गडबडली. मी मनात म्हटलं, हं. घरी आल्यावर सुनेला विचारलं, ‘शिंपीणबाईला टीबी आहे ना गं?’ ती कांदा चिरत होती. सुरी थांबली. ‘आई, मला विचारू नका.’ पण सुरी थांबली होती! मला उत्तर मिळालं. नसतं तर नाही म्हणाली असती, असंही मी स्वतःला सांगितलं, तिने समोर बसवून शिकवलेलं सगळं विसरून. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिघीजणी होत्या. मी सांगितलं. एकीने तोंड वाकडं केलं, ‘छे, तुम्हाला कसं कळलं?’ आता माझं बोलणं कुणी छे म्हणून उडवावं, हे मला आयुष्यात सहन झालेलं नाही. मी चादर झटकली आणि म्हटलं, ‘माझी सूनच सांगत होती. फाइल तिच्या हाताखालून जाते.’

एवढंच. चादर झटकायला लागतो तेवढा वेळ. पण ते वाक्य तोंडातून निघताना किती गोड लागलं ते मला आठवतं. तिघींचे हात थांबले होते. पुराव्याचा शिक्का मारल्यासारखं वाटलं मला, आणि शिक्का दुसऱ्याचा होता.

समोर सात नंबरचं दार आहे. बाकावर बसल्यापासून मी तिकडे बघायचं टाळते आहे, पण बाक असा ठेवलाय की दुसरीकडे बघायचं म्हटलं तर मान मोडेल. दाराला पडदा आहे, नवा, फिकट निळा. आतल्या पंख्याच्या वाऱ्याने तो फुगतो आणि खाली बसतो, फुगतो आणि बसतो, छातीसारखा. खालची दुमड दुहेरी आहे, कोपऱ्यात टीप तिरपी घेऊन दोनदा मागे फिरवलेली. अशी टीप एकच बाई मारते. माझ्या सहा पोलक्यांना तीच टीप आहे, आत्ता अंगात आहे त्यालासुद्धा. आठ नंबरलाही तसाच पडदा. नऊलाही. रांगेने सगळ्या दारांना. शिंपीणबाई म्हणाली होती ते खरं होतं. ती पडद्यांचं माप घ्यायला आली होती. आणि मी, माणसं वाचणारी मी, त्या दिवशी तिच्या गळ्यात टेप बघितली होती. हो, बघितली होती. पिवळी, टोकाला पत्रा असलेली टेप, दोन्ही बाजूंनी छातीवर लोंबत होती. मला दिसली आणि मी ती सोडून दिली, कारण टेपेत सांगण्यासारखं काही नव्हतं.

आधी तिची गिऱ्हाइकं थांबली. कपड्यांतून पसरतो म्हणे. मग शिवायला दिलेलं लोक अर्धवट परत न्यायला लागले. मग एका सकाळी नऊ वाजले आणि माझ्या तळपायांना काही लागलं नाही. मी फरशीवर पाय दाबून उभी राहिले, नसेल ऐकू येत म्हणून, तर सगळं घर मेल्यासारखं गार. त्याच आठवड्यात ती वर आली. सून नुकतीच कामावरून आली होती, चपला काढत होती. शिंपीणबाई दारातच म्हणाली, ‘ताई, तुम्ही सांगितलंत का गच्चीवरच्या बायकांना? मी पडद्यांच्या मापाला गेले होते हो! एवढंच सगळ्यांसमोर सांगा, की हिला काही नाही.’ मी आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. सुनेने तिच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तेवढ्यात तिला सगळं कळलं. माझ्या हातातला तांब्या इतका जड झाला की दोन्ही हातांनी धरावा लागला. आता ही बोट दाखवणार. दाखव ना बाई, मी मनात म्हणाले, दाखव आणि मोकळी कर. ती शिंपीणबाईला म्हणाली, ‘मी कुणाचंच काही बाहेर बोलत नाही. तुमचंही बोललेले नाही. पण तुम्हाला काही आहे की नाही, हे मी त्यांना सांगू शकत नाही. दोन्ही नाही सांगू शकत.’ शिंपीणबाई ओरडली, ‘अहो पण नाही म्हणायला काय जातं तुमचं?’ मला तेच वाटलं. काय जातं हिचं? शिंपीणबाई थेट दवाखान्यात गेली आणि तक्रार लिहून आली. जिने फक्त तोंड मिटून ठेवलं होतं, तिच्यावर तोंड उघडल्याची तक्रार. आणि या घरात त्यानंतर सुनेने मला एका शब्दाने विचारलं नाही. गुडघ्यांना तेल मात्र रोज चोळते, नेहमीसारखं, खालून वर. ते तेल मला चटके देतं. भांडली असती तर मी दुप्पट भांडून मोकळी झाले असते. भांडण मला येतं. हे गप्प चोळणं येत नाही.

‘एकेचाळीस.’

साहेबीणबाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. उठून दार लावलं तिने, मग बसली. ‘बोला आजी.’ आजी म्हटल्याचा एरवी मी समाचार घेतला असता. घोकलेलं सगळं पडद्याच्या दुमडीत राहून गेलं होतं. मी म्हटलं, ‘शिंपीणबाईचं जे बाहेर गेलं ते मी बोलले. सुनेने सांगितलं म्हणाले, तेही खोटं. तिने मला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. ती घरात पातेल्याशीसुद्धा बोलत नाही कुणाबद्दल.’ साहेबीणबाईने लिहून घेतलं. लिहिताना एकदा वर बघून विचारलं, ‘मग तुम्हाला कुठून कळलं?’ मी म्हटलं, ‘कळलं नव्हतंच. बनवलं.’ हे वाक्य घोकलेलं नव्हतं. ते ऐकून माझेच कान तापले, खोलीत तिसरी कुणी बोलल्यासारखं.

तिने मला वाचून दाखवलं, मी खाली सही केली, नावातलं दुसरं अक्षर नेहमीप्रमाणे ओळीखाली घसरलं. मला वाटलं सुटले. विचारलं, ‘आता तिची नोकरी राहील ना?’ ती म्हणाली, ‘सोमवारी कळेल, पण आता तिच्यावर ठेवायला काही उरत नाही. तसंही आमचं कोडं हेच होतं. प्रत्येक फाइलीच्या आत एक पान चिकटवलेलं असतं, कुणी काढली, कधी, कशासाठी, खाली सही. त्यावर काही सापडत नव्हतं, आणि तुमची सून लेखी जबाबात एकच ओळ लिहून बसली होती, मी सांगितलेलं नाही. कोण बोललं असेल ते विचारलं, तर म्हणे, ठाऊक नसलेल्या गोष्टी मी लिहीत नाही.’ मग कागद नीट करत, सहज, सगळ्यांना सांगतात तसं, ती पुढे म्हणाली, ‘तो प्रत्येक पेशंटचा हक्क आहे आजी. आपली फाइल कुणी उघडली ते ज्याचं त्याला बघता येतं. कितीही जुनी असो.’

कितीही जुनी. मला वाटत होतं जुनं सगळं वाळवीने खाल्लं असेल. वाळवीवर माझी फार भिस्त होती. मी म्हटलं, ‘पंचेचाळीस वर्षांपूर्वीची असली तर?’ ती म्हणाली, तळघरात असेल, अर्धा तास लागेल, बसता का?

त्या अर्ध्या तासात मी बाकावर होते आणि बाकावर नव्हते. या दवाखान्याचा वरचा मजला तेव्हा वेगळा होता, डोकं फिरलेल्यांचा. जिन्याला जाळीचं दार होतं, बाहेरून कडी. थोरला दीड महिन्याचा होता. एका दुपारी मी त्याला उघड्या फरशीवर ठेवलं, नीट, पाठीखाली दुपटंसुद्धा घातलं, आणि दार ओढून चालायला लागले. कुठे जायचं नव्हतं. त्याच्या रडण्याच्या बाहेर जायचं होतं एवढंच. संध्याकाळी एका भिंतीला टेकून बसलेली सापडले, पायात चपला नव्हत्या, अंगावरचं दूध पोलक्यातून ओघळून वाळलेलं. मग तो वरचा मजला. गोळीने जीभ जाड व्हायची, माझ्याच तोंडात दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. एक परिचारिका माझे केस विंचरायची आणि विंचरताना काही बोलायची नाही, त्या न बोलण्याने मी जगले. सहा आठवडे. घरच्यांनी गावभर सांगितलं, माहेरी गेलीय. परत आले ती वेगळीच होऊन आले. पुन्हा कुणी मला तशी बघणार नाही, असं ठरवून जीभ परजून आले. आधी मी मऊ होते. कुणाला खरं वाटणार नाही. सासू गेली, हे गेले, माहेरची सगळी गेली, आणि मी निवांत झाले की आता ते माझ्याशिवाय कुठेच नाही.

फाइल आणली ती दुसऱ्याच माणसाने, लिफाफ्यात बंद करून. साहेबीणबाईने पुन्हा दार लावलं. ‘मी वाचू, की तुम्ही वाचाल?’ मी वाचेन म्हटलं. आतले कागद पिवळे, त्यांना मी हात लावला नाही. पुठ्ठ्याच्या आत ते पान होतं. त्यावर एकच नोंद, अकरा वर्षांपूर्वीची. मला अक्षरं जोडावी लागली नाहीत. ते अक्षर मी रोज बघते, हळदीच्या डब्यावर, जिऱ्याच्या डब्यावर. जुने पुठ्ठे बदलण्यासाठी काढली. आणि खाली, मोकळं, एकेक अक्षर सुटं: रुग्ण माझ्या सासूबाई आहेत. यापुढे ही फाइल माझ्या हाती देऊ नये. सही.

साहेबीणबाई पाणी देत होती. मी बोटांवर वर्षं मोजत होते. अकरा. धाकटी नात नऊ वर्षांची. म्हणजे नात झाली तेव्हा हिला ठाऊक होतं. नातीच्या वेळी ही दिवसदिवस पाळण्यासमोर बसून असायची, केस सुटलेले, डोळ्यांतून पाणी आपोआप गळायचं, पुसायचंही भान नाही. पोर रडून निळी व्हायची आणि ही तिच्याकडे अशी बघायची जसं काही कुठलीतरी भाषा ऐकतेय. मी ओळखलं नव्हतं का? मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. या घरात ते कुणाला कळणार असेल तर मलाच. मांडीवर डोकं घेऊन तिचे केस विंचरायला हवे होते मी, गप्प बसून. मी काय केलं? दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘आम्हीसुद्धा मुलं काढली बाई. पाच माणसांचं करून वाढवली. डोळ्याला टिपूस नाही आला कधी. आमच्या वेळी ही नाटकं नव्हती.’ तेव्हा तिने मान वर केली. खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं उर्मट आहे, उलट बोलणार. ओठ हललेही तिचे. मग म्हणाली, ‘खरंय आई,’ आणि पोरीला उचलून पाजायला घेतलं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात आत गेले. नऊ वर्षं त्या बघण्याला मी उर्मटपणा म्हणत आले. तिला एक वाक्य पुरलं असतं. तळघरातून वर आलेलं एकच वाक्य, आणि मी त्या दारात जागच्या जागी संपले असते, शेजारणींदेखत. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि तिने ते परत आत घेतलं. नवऱ्यालाही नाही सांगितलं. थोरला अजून बायकोला सांगतो, आमची आई म्हणजे दगड, तिला कधी काही झालं नाही. आणि ती ते ऐकून घेते, मीठ वाढते, बोलत नाही.

मी उठले. गुडघे वाजले. लिफाफा परत बंद होताना बघितला आणि पॅसेजमधून खिडकीकडे निघाले, सगळे निळे पडदे एका बाजूला ठेवून. शिंपीणबाईच्या दारात जायचं आहे अजून, ते वेगळं, गच्चीवरच्या तिघींना घेऊन जायचं आहे, आणि तिने तोंडावर दार लावलं तर उभं राहायचं आहे. पण आधी खिडकी. रांगेत बारा-पंधरा माणसं होती. मी रांगेत नाही उभी राहिले, तेवढी सुधारलेली नाही. बाजूने घुसून काचेसमोर गेले. एकजण म्हणाला, ‘ओ बाई, नंबर!’ मी म्हटलं, ‘माझा नंबर होऊन गेला. दोन मिनिटं गप्प राहा, नाहीतर दोनाची चार करीन.’ सुनेने वर पाहिलं. घाबरली होती. तिला वाटलं असेल, म्हातारी आत आणखी काही पेटवून आली.

‘आई, हळू. लोक ऐकतायत.’

‘ऐकू देत. शिंपीणबाईबद्दल जे बोलले ते मी बोलले, आणि तुझं नाव घालून बोलले. आत लिहून दिलंय, सहीसकट.’ तिचा चेहरा पांढरा झाला. ‘आई, तुम्ही कशाला...’ मी हात वर केला. थांबले असते तर मला पुन्हा बोलता आलं नसतं. ‘आणि मी आत आणखी एक कागद बघून आले. तळघरातला. त्यावर तुझं अक्षर आहे.’

तिच्या हातातलं पेन खाली पडलं, टेबलाखाली गडगडत गेलं. ती वाकली नाही. रांगेतल्या कुणाला काही कळलं नाही, आणि ते कळायचं कारणही नव्हतं. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती, ती मी पदराने पुसली, म्हणजे तिला मी नीट दिसेन. मग मी मोठ्याने म्हटलं, नातीच्या पाळण्यासमोर म्हटलं होतं तेवढ्याच मोठ्याने:

‘अकरा वर्षं तुझ्या हातात काठी होती आणि माझी पाठ उघडी होती. मी तुला कारण कमी दिलेलं नाही, रोज दिलंय. तू एकदाही मारली नाहीस. मी तुझ्या जागी असते, तर मारली असती.’